बंदिवासातून परतलेल्यांना संदेष्ट्यांनी काय सांगितलं? हाग्गय, जखऱ्या, मलाखी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शास्त्राभ्यासाच्या बैठकीत दरवर्षी बायबलच्या जुन्या कराराच्या शेवटाकडची ही तीन छोटी पुस्तकं वाचून होतात आणि दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न येतात. काही तोंडी, काही चिठ्ठीवर, बरेचसे रात्री उशिरा फोनवर लिहून पाठवलेले. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर.

१. हे तिघे नेमके कोण आणि कधीचे?

हाग्गय आणि जखऱ्या एकाच काळातले, एकाच गावातले. इ.स.पू. ५२० मध्ये, पारसाचा (प्राचीन इराणचा) राजा दारयावेश (पहिला) याच्या दुसऱ्या वर्षी, दोघेही यरुशलेमात बोलू लागले. हाग्गयाचं पुस्तक २ अध्यायांचं, ३८ वचनांचं. चहा थंड व्हायच्या आत वाचून होतं. जखऱ्याचे १४ अध्याय आहेत आणि ते सावकाश वाचावे लागतात. मलाखीच्या पुस्तकात तारीख नाही. पण त्यात मंदिर उभं आहे, याजक (पुरोहित) कंटाळलेले आहेत आणि कारभार पारसी सुभेदाराच्या हाती आहे. म्हणून तो बहुधा इ.स.पू. पाचव्या शतकातला, परतलेल्या लोकांचे पुढारी एज्रा आणि नहेम्या यांच्या आसपासचा मानला जातो.

यशयाच्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय (५६ ते ६६) याच परतलेल्या लोकांना उद्देशून आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

२. बंदिवास म्हणजे काय झालं होतं? आणि सगळेच परत आले का?

बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाचा राजा यहोयाखीन आणि वरच्या थरातले लोक पकडून नेले. इ.स.पू. ५८६ मध्ये (काहींच्या गणनेने ५८७) यरुशलेम पाडलं, शलमोनाचं मंदिर जाळलं आणि आणखी लोक नेले. गरीब शेतकरी बरेचसे मागेच राहिले होते. म्हणजे देश अगदी ओस पडला होता असं नाही.

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश (सायरस) याने बाबेल जिंकलं आणि परतीची वाट उघडली. एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे: ४२,३६० माणसं, शिवाय ७,३३७ दासदासी आणि २०० गायक-गायिका. जनावरांचीही मोजणी आहे. उंट ४३५, गाढवं ६,७२०. मला ही गाढवं फार बोलकी वाटतात. महिनोन्‌महिन्यांची वाट, गाढवाच्या पाठीवर बांधलेला संसार आणि बरोबर अशी मुलं, ज्यांनी यरुशलेम कधी पाहिलंच नव्हतं.

आणि नाही, सगळे परतले नाहीत. बाबेलच्या मुलखात ‘आल-याहूदू’ म्हणजे ‘यहूदाचं गाव’ या नावाची वस्तीच होती. तिथल्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत: कर्जं, सारा, शेतीचे करार. इ.स.पू. ५७२ पासून ४७७ पर्यंतच्या. म्हणजे मंदिर पुन्हा उभं राहिल्यावरही तिकडची कुटुंबं तिकडेच खजुराच्या बागा सांभाळत होती.

३. कोरेशाने खरंच परवानगी दिली होती, की ती नंतर रचलेली कथा?

कोरेशाचा एक मातीचा दंडगोल १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. जेमतेम वीतभर लांब, अंगभर कीलाकार लिपी. तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो आणि २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. त्यावर वेगवेगळ्या नगरांच्या देवमूर्ती परत पाठवल्याचं आणि लोकांना आपापल्या ठिकाणी बसवल्याचं लिहिलं आहे. पण नीट ऐका: त्यावर यरुशलेमाचं नाव नाही, यहूद्यांचंही नाही. व्यासपीठावरून पुष्कळदा ‘बायबलमधलं फर्मान सापडलं’ असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. कोरेशाची राज्य करण्याची रीत अशी होती, आणि एज्रात सांगितलेलं त्या रीतीत बसतं, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

४. परवानगी होती, लोक होते, मग मंदिराचं काम अठरा वर्षं का रखडलं?

एज्रा सांगतो ते बाहेरचं कारण: शेजाऱ्यांचा विरोध, दरबारात केलेल्या तक्रारी. हाग्गय सांगतो ते आतलं: लोक म्हणत होते, ‘अजून वेळ आली नाही.’ मला दोन्ही खरी वाटतात. दुष्काळ, पडक्या भिंती, वर कराचा बोजा. अशा माणसाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला कारण शोधावं लागत नाही.

काम पुन्हा सुरू झाल्यावर सुभेदार ततनई चौकशीला आला: परवानगी कुणाची, नावं सांगा. प्रकरण दारयावेशापर्यंत गेलं. कोरेशाचा कागद बाबेलच्या दप्तरात शोधला, तो मिळाला शेवटी अखमथा नावाच्या शहराच्या किल्ल्यात. सरकारी कामात कागद कुठल्या कपाटात निघेल याचा अनुभव असलेल्यांनी एज्राचा सहावा अध्याय जरूर वाचावा. मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये अदार महिन्याच्या ३ तारखेला पूर्ण झालं.

५. हाग्गय लोकांना स्वतःची घरं बांधू नका म्हणतो का? देवाला घराची काय गरज?

घरं बांधू नका असं तो म्हणत नाही. तुम्ही तक्तपोशीच्या घरांत राहता आणि हे मंदिर मात्र ओसाड पडलंय, हे तुमच्या डोळ्यांना खुपत नाही का, असा त्याचा सवाल आहे. हिब्रूत इथे एक शब्दांचा खेळ आहे, तो भाषांतरात हरवतो. ओसाड म्हणजे ‘हारेब’ आणि अवर्षण म्हणजे ‘होरेब’. लिहिताना अक्षरं तीच. तुमचं मंदिर जसं, तसंच तुमचं रान.

त्याची तारीखही लक्षात घ्या: सहाव्या महिन्याची पहिली. आजच्या हिशेबात ऑगस्टची अखेर. द्राक्षं, अंजिरं घरात यायचे दिवस, आणि घरात काही येत नाहीये. त्या वेळी तो म्हणतो: पेरता खूप, येतं थोडं, खाता, पण पोट भरत नाही, पांघरता, पण ऊब नाही, मजुरी मिळवता ती भोकं पडलेल्या थैलीत टाकण्यासाठी. हे वचन वाचून झाल्यावर आमच्या बैठकीतल्या एक मावशी हळूच म्हणाल्या होत्या, “ही तर माझी महिन्याची वीस तारीख.”

देवाला छप्पर हवंय असं हाग्गय कुठेच म्हणत नाही. मंदिर म्हणजे या विखुरलेल्या लोकांचं ‘आपण कोण’ हे सांगणारं एकमेव ठिकाण. राजा नाही, सैन्य नाही, कोट नाही. ते ठिकाणही ओसाड ठेवलं तर परत येऊनही ते आलेच नाहीत. त्याचं बोलणं लागू पडलं: त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी लोक कामाला लागले. ज्यांचं म्हणणं लोकांनी इतक्या लवकर ऐकलं असे संदेष्टे विरळाच.

६. पाया घातला तेव्हा म्हातारे रडले. का? आनंदाची गोष्ट होती ना?

त्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं. एज्रा सांगतो की तरुणांचा जयघोष आणि म्हाताऱ्यांचं रडणं यांतला आवाज वेगळा ओळखू येत नव्हता, इतके दोन्ही मिसळले होते. पुढे हाग्गयाच्या वेळी पहिलं मंदिर जाऊन ६६ वर्षं झाली होती. तो थेट विचारतो: तुमच्यात ते वैभव पाहिलेला कुणी आहे का? आता हे कसं दिसतं? काहीच नाही असं वाटतं ना?

हा प्रश्न मला तिन्ही पुस्तकांचा गाभा वाटतो. आधीचे संदेष्टे येणाऱ्या संकटाबद्दल बोलले, बंदिवासातले संदेष्टे सुटकेच्या आशेबद्दल. या तिघांच्या वाट्याला वेगळीच माणसं आली: जिची वाट पाहिली ती गोष्ट घडली, आणि ती एवढीशीच निघाली. अशा थकलेल्या माणसाला काय सांगायचं? हाग्गय त्यांचं दुःख खोडून काढत नाही. ‘हिंमत धरा आणि काम करा, मी तुमच्याबरोबर आहे’ एवढंच देवाच्या वतीने सांगतो. जखऱ्या आपल्या चौथ्या अध्यायात विचारतो की लहान कामांच्या दिवसाला कोण तुच्छ लेखतो, आणि यहूदाचा सुभेदार जरुब्बाबेल याच्या हातातला ओळंबा दाखवतो. गवंड्याचा साधा ओळंबा. ‘बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, माझ्या आत्म्याने’ हे प्रसिद्ध वचन याच अध्यायात आहे. ते भिंतीवर टांगलेलं सगळ्यांनी पाहिलंय. ते एका रखडलेल्या बांधकामावर बोललं गेलं, हे क्वचित सांगितलं जातं.

७. हाग्गयाने याजकांना विचारलेला मांसाचा आणि प्रेताचा प्रश्न डोक्यावरून गेला. सोपं करून सांगाल?

आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याचा नियम आठवा. सोवळ्यातल्या माणसाला शिवून कुणी सोवळा होत नाही. उलट मात्र लगेच होतं. हाग्गय तेच विचारतो. पदरात अर्पणाचं पवित्र मांस आहे, तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. प्रेताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर? विटाळते. म्हणजे देवाचं काम हाती घेतलं म्हणून बाकीचं आयुष्य आपोआप शुद्ध होत नाही. भिंत चढू लागल्यावर तीन महिन्यांनी त्याने हे सांगितलं, अगदी उत्साहाच्या भरात. (साम्य स्पर्शाच्या नियमापुरतंच आहे. जातीच्या विटाळाशी त्याचा संबंध जोडू नये.)

८. जखऱ्याचे दृष्टान्त फार विचित्र आहेत. सुरुवात कुठून करू?

एका रात्रीत आठ दृष्टान्त: मेंदीसारख्या झुडपांतले घोडेस्वार, चार शिंगं, मापनसूत्र घेतलेला माणूस, मळक्या वस्त्रांतला मुख्य याजक, दीपवृक्ष आणि दोन जैतुनं, उडती गुंडाळी, टोपलीतली बाई, चार रथ. सगळे एकदम उलगडायला जाऊ नका. दोनच धरा.

पहिला मापनसूत्राचा. एक तरुण यरुशलेमची लांबीरुंदी मोजायला निघतो; कोट कुठवर घालायचा ते ठरवायला. त्याला सांगितलं जातं की मोजू नकोस, इथे माणसं आणि गुरं इतकी होतील की गाव कोटात मावणार नाही. सभोवती अग्नीचा कोट मी स्वतः होईन. त्या वेळचं यरुशलेम म्हणजे थोडीशी घरं आणि ढिगारे.

दुसरा तिसऱ्या अध्यायातला, माझा सगळ्यांत आवडता. मुख्य याजक यहोशवा देवाच्या दूतापुढे उभा आहे आणि सैतान उजव्या हाताला, आरोप करायला. (इथे ‘सैतान’ म्हणजे न्यायसभेतला फिर्यादी.) यहोशवाच्या अंगावर घाणीने माखलेली वस्त्रं. तो स्वतः एक शब्द बोलत नाही. आरोप खोटा आहे असंही कुणी म्हणत नाही. देव म्हणतो, हा आगीतून ओढून काढलेलं कोलीत आहे ना? मग मळकी वस्त्रं उतरवतात, चांगली घालतात. आणि मध्येच संदेष्ट्याला राहवत नाही, तो बोलून जातो: डोक्याला स्वच्छ फेटाही बांधा! पाहणारा स्वतःच दृष्टान्तात हात घालतो, हे मला फार जवळचं वाटतं.

९. मंदिर झालं तर जुने उपास सोडायचे का? हा प्रश्न त्या लोकांनीच विचारला होता ना?

होय, सातव्या अध्यायात. इ.स.पू. ५१८ मध्ये बेथेलहून माणसं आली: पाचव्या महिन्याचा उपास आम्ही इतकी वर्षं धरतोय, आता धरायचा का? पाचव्या महिन्यात मंदिर जळालं होतं. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरलं असतं. जखऱ्या उलट विचारतो: सत्तर वर्षं उपास केलात तो माझ्यासाठी केलात का? आणि खाता-पिता तेव्हा कुणासाठी? मग सांगतो ते असं: खरा न्याय करा, विधवा, पोरके, परदेशी आणि गरीब यांना नाडू नका. यशयाच्या ५८ व्या अध्यायातही उपासाबद्दल हाच सूर आहे.

खरं उत्तर येतं आठव्या अध्यायात: चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे उपास आनंदाचे सण होतील. त्याच अध्यायात यरुशलेमाच्या रस्त्यांवर काठी टेकत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आहेत आणि खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले चौक. विजयाची मिरवणूक नाही, सोन्याची छपरं नाहीत. म्हातारपणापर्यंत जगता येणं आणि पोरांना रस्त्यात खेळता येणं, हेच त्या माणसाच्या मनातलं वैभव.

पुढे इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने दुसरं मंदिरही जाळलं आणि पाचव्या महिन्याचा उपास यहुदी आजही आव महिन्याच्या नवमीला धरतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांमध्ये या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ असं नाव होतं. सोललेल्या वालांच्या बिरड्यावरून. बेथेलच्या माणसांचा प्रश्न कोकणातल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला होता.

१०. जरुब्बाबेल राजा होणार होता का? मग झालं काय?

तो दाविद राजाच्या घराण्यातला, कैद झालेल्या यहोयाखीनाचा नातू, आणि पारसी राज्यात यहूदाचा सुभेदार. यिर्मयाने यहोयाखीनाबद्दल म्हटलं होतं की तो माझ्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी उपटून टाकला असता. हाग्गय शेवटच्या वचनात नातवाला म्हणतो: मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. जुना शाप जिथे बोलला गेला, तिथेच तो उचलला.

त्यानंतर जरुब्बाबेल मजकुरातून नाहीसा होतो. मंदिराच्या समर्पणाच्या वर्णनातही त्याचं नाव नाही. जखऱ्याच्या सहाव्या अध्यायात मुकुट घडवतात तो याजक यहोशवाच्या डोक्यावर ठेवला जातो, आणि हिब्रूत तिथे ‘मुकुट’ अनेकवचनी आहे. त्यामुळे मुळात दोघांसाठी दोन होते असं काही अभ्यासकांना वाटतं. पारसी सरकारने त्याला काढलं, मारलं वगैरे जे सांगितलं जातं, त्याला पुरावा नाही. राजाची आशा मात्र ‘कोंब’ या नावाने पुढे सरकली.

११. जखऱ्याचा दुसरा अर्धा भाग वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखा का वाटतो?

नवव्या अध्यायापासून तारखा नाहीत, दृष्टान्त नाहीत, जरुब्बाबेल नाही, भाषाही बदलते. म्हणून बहुतेक अभ्यासक हा भाग नंतरचा मानतात. परंपरा तो एकाच जखऱ्याचा मानते. गाढवावर बसून येणारा नम्र राजा, तीस रुपये, भोसकलेला पुरुष: शुभवर्तमानांमुळे ख्रिस्ती वाचकांना हे सगळं तोंडपाठ असतं. (तीस रुपयांचं वचन शुभवर्तमानकार मत्तय यिर्मयाच्या नावावर सांगतो, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यात यिर्मयाचे कुंभाराचे आणि शेताचे संदर्भही मिसळले आहेत, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण.)

शेवटचं चित्र मात्र सहसा कुणी विचारत नाही. मुख्य याजकाच्या कपाळपट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ असं कोरलेलं असे. ते शब्द घोड्यांच्या घंटांवर येतील आणि यरुशलेमातल्या घराघरांतली भांडी पवित्र होतील. हाग्गयाच्या पदरातली पवित्रता पसरत नव्हती (प्रश्न ७). इथे ती स्वयंपाकघरात शिरते.

१२. मलाखी हे नाव की पदवी?

‘मलाखी’ म्हणजे ‘माझा दूत’. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘त्याचा दूत’ असं आहे, आणि यहुदी परंपरेत तो एज्राच होता असंही एक मत आहे. नक्की सांगता येत नाही. या पुस्तकाची घडण मात्र तुमच्या या पानासारखीच आहे. लोक विचारतात, देव उत्तर देतो. ‘मी तुमच्यावर प्रीती केली.’ ‘कशी केलीस?’ ‘तुम्ही माझं नाव तुच्छ केलंत.’ ‘कसं केलं?’ मंदिर उभं आहे आणि आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर चढताहेत. मलाखी म्हणतो, हीच भेट आपल्या सुभेदाराला नेऊन द्या पाहू, खूश होतो का तो!

१३. ‘एसावाचा मी द्वेष केला.’ देव जन्माआधीच कुणाचा द्वेष करतो?

इथे दोन भावांच्या नावाने दोन देश बोलले आहेत: याकोब म्हणजे इस्राएल, एसाव म्हणजे अदोम. हिब्रूत प्रीती-द्वेष ही जोडी निवड सांगायलाही येते. उत्पत्तीत लेआ ‘द्वेषपात्र’ म्हटली आहे, म्हणजे राहेलपेक्षा कमी प्रिय. शिवाय यरुशलेम पडलं तेव्हा अदोमाने हात धुऊन घेतले, ही जखम ताजी होती. कुणा एका माणसाच्या तारणाबद्दल हे वचन बोलत नाही.

१४. ‘दशमांश द्या, आकाशाची खिडकी उघडेन’ हे वचन दाखवून आमच्याकडे पैसे मागितले जातात. कर्ज काढून द्यावं का?

नाही. मलाखीचा दशमांश म्हणजे धान्य, भांडारात जाणारं. त्यावर मंदिरात सेवा करणारे लेवी जगत, आणि नियमशास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा वाटा परदेशी, पोरके आणि विधवांचा. ते भांडार रिकामं राहिलं की पहिली उपाशी राहणार ती हीच माणसं. या वचनाच्या पाचच वचनं आधी मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवांना नाडणाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत. ती पाच वचनं वगळून पुढचं वाचणारा माणूस मलाखी वाचत नाहीये. विधवेकडून उसने पैसे घेऊन भरलेलं भांडार हे मलाखीच्या बोलण्याच्या नेमकं उलट आहे.

याला जोडूनच विचारलं जातं: पाऊस नाही आला तर तो आमच्या पापामुळे का? हाग्गयाने एका वर्षाचं, एका गावाचं निदान केलं. ते उचलून आजच्या दुष्काळातल्या शेतकऱ्याच्या दारात टाकायचा अधिकार त्याने कुणाला दिला नाही.

१५. घटस्फोटाबद्दल मलाखी नक्की काय म्हणतो?

दुसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन हिब्रूत अवघड आहे आणि भाषांतरं एकसारखी नाहीत. पण चौदावं स्वच्छ आहे: तुझ्या तरुणपणीच्या बायकोच्या बाजूने देव साक्षीला उभा आहे, तिच्याशी तू बेइमानी केलीस. हे टाकलेल्या बाईच्या बाजूने बोललेलं वचन आहे. मार खाणाऱ्या बाईला घरात कोंडून ठेवायला ते वापरू नये, ही माझी कळकळीची विनंती.

१६. माझ्या बायबलात मलाखीचे ४ अध्याय आहेत, यहुदी शेजाऱ्यांच्या प्रतीत ३. काही गाळलंय का? आणि शेवटी एलिया कशाला?

काही गाळलेलं नाही. आपल्या चौथ्या अध्यायाची सहा वचनं हिब्रू प्रतीत तिसऱ्याच्या शेवटी जोडलेली आहेत.

त्या शेवटात देव म्हणतो की मोठ्या दिवसाआधी मी एलिया संदेष्ट्याला (अग्निरथाच्या प्रसंगी आकाशात घेतला गेलेला जुना संदेष्टा) पाठवीन. तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे फिरवील. ख्रिस्ती वाचक इथे बाप्तिस्मा करणारा योहान पाहतात. बेने इस्राएल मात्र ‘एलियाहू हन्नबी’ला घरी बोलावतात. लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर, नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वरून फळं, ताट मध्ये ठेवून एलियाहूचं गाणं म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) त्याचा रथ टेकला आणि तिथून तो वर गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मलाखीचं शेवटचं वचन, नाहीतर मी येऊन देशाला शापाने मारीन, असं संपतं. हिब्रूतला अगदी शेवटचा शब्द सर्वनाशाचा आहे. यहुदी परंपरेत पुस्तक तिथे मिटत नाहीत. ते वचन वाचून झालं की त्याच्या आधीचं, एलिया येणार असल्याचं वचन पुन्हा एकदा मोठ्याने वाचतात.